उतरलेले सेल

नत्थूजींनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस टेपरेकॉर्डरच्या हेडवर टेकवला, श्वास रोखला आणि डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवला. कापसावर तपकिरी रेघ उमटली. तेवढ्यात काउंटरपलीकडून कुणीतरी भरदार, जरा घोगऱ्या आवाजात विचारलं,

"नत्थूजीचं दुकान हेच का?"

"हेच. बसा भाऊ, दोन मिनिटं," मान वर न करता ते म्हणाले.

मान वर केली तेव्हा समोर भाऊ नव्हता. हिरव्या नऊवारीतली पन्नाशीची एक उंच बाई हातात स्टीलचा डबा घेऊन उभी होती. तिच्या मागे टोपी घातलेला बारीक अंगाचा माणूस होता आणि त्याच्या काखेतल्या कापडी पिशवीत टू-इन-वन आणि खंजिरी. या माणसाला नत्थूजी ओळखत होते. उमरेडचे देवराव धकाते. चार महिन्यांपूर्वी एक कॅसेट घेऊन आले होते.

"माफ करा बाई," नत्थूजी ओशाळून म्हणाले. "पाहिलं नाही मी."

"काही नाही. बसमधला कंडक्टरबी तसंच म्हणते," बाई म्हणाल्या. राग नव्हता, लाज नव्हती. रस्त्यात रोज लागणारा खड्डा चुकवावा तसं त्यांनी ते बाजूला सारलं आणि डबा काउंटरवर ठेवला. "चिवडा हाये घरचा. तुमच्या टेपानं माहं नाव निघालं, म्हणून आणला."

"ही आमची मंडळी, तुळसा," देवराव म्हणाले. "आज एक वाजता रामदासपेठेत गाणं हाये हिचं. चिठ्ठी आली ना. तिघांत नाव हाये."

नत्थूजींचा हात कापसासकट तिथंच थांबला.

बर्डीच्या बाजारात त्या काळी टेप दुरुस्त करणारे अकराजण होते आणि नत्थूजींच्या मते त्यांतले दहा फक्त मशीन उघडायला शिकले होते. हा गर्व त्यांना शोभून दिसे, कारण काम खरोखर चोख होतं. रामदासपेठेतलं ग्रामस्वर मंडळ दरवर्षी खेड्यापाड्यांतल्या भजनकऱ्यांची गाणी मागवी. मंडळाकडे होतं जुनं मोठं स्पूलचं यंत्र, आणि खेड्यापाड्यांत आता जो तो कॅसेट भरे. उमरेडची कॅसेट रामदासपेठेच्या यंत्रात जात नसे आणि रामदासपेठेची चकती उमरेडच्या टू-इन-वनमध्ये मावत नसे. ही सोयरीक नत्थूजी जुळवून देत. कॅसेटवरचं गाणं स्पूलवर उतरवायचं, डब्यावर 'चाल तपासली', म्हणजे फीत बरोबर वेगानं चालते, अशी चिठ्ठी डकवायची आणि खाली झोकदार सही. बारा वर्षांत मंडळाकडून एकही डबा परत आला नव्हता.

देवरावांनी आणलेल्या गाण्याच्या तर नत्थूजी प्रेमातच पडले होते. कुणा कोवळ्या पोरीचा आवाज, पाण्यासारखा पातळ आणि चढा, खंजिरीचा ठेका द्रुत. त्यांनी नियम मोडून स्वतःसाठी एक जास्तीची चकती उतरवून घेतली होती. गिऱ्हाइकाला मशीन तपासून दाखवायचं झालं की तीच चकती लावत आणि वर सांगत, "उमरेडची पोरगी हाये. पाहा, तबकडी निघते का नाही हिची." यंदा मंडळ तिघांतून एकाच्या भजनांची ग्रामोफोनची तबकडी काढणार होतं, हे बर्डीत सगळ्यांना ठाऊक होतं ते नत्थूजींमुळेच.

आणि आता ती पोरगी समोर उभी होती.

"गाणं तुमीच म्हटलं होतं, बाई? त्या कॅसेटात?"

"मंग कोण म्हणन?"

"सोबत कोणी? पोरगी, सून?"

"पोरगी नाही मले. दोन पोरं हायेत अन् दोघंबी बेसूर." तुळसाबाई मोकळ्या हसल्या. ते हसणंसुद्धा खालच्या पट्टीतलं होतं. "काहून विचारून राहिले?"

हुशार माणसाला आपली चूक सगळ्यात शेवटी दिसते, पण दिसली की सगळीच्या सगळी दिसते. नत्थूजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. गप्प बसता आलं असतं. चिवडा ठेवून घेऊन, शुभेच्छा देऊन दोघांना रिक्षात बसवून देता आलं असतं. पण तिथं ही बाई तोंड उघडणार, आणि मंडळाचे लोक म्हणणार की उमरेडहून कुणा भलत्याच पोरीचं गाणं पाठवून फसवलं.

"मले ऐकाचं होतं एकदा," तुळसाबाई म्हणाल्या. "मोठ्या मशीनवर. हे म्हणाले, लय साफ निघालं."

"राहू दे वं," देवराव घाईघाईनं म्हणाले. "उशीर होते. तिथं ऐकजो."

"दीड तास हाये अजून."

नत्थूजींनी चकती लावली. फीत खाचेतून ओढली, रिकाम्या चकतीला दोन वेढे दिले आणि बटण दाबलं. खंजिरी घाईघाईनं वाजू लागली आणि तिच्यावर तो पातळ, चढा आवाज आला.

*धोटा जाई, धोटा येई, नाव तुझं विणत राही…*

तुळसाबाई मान डोलावत ऐकत होत्या. मग डोलणं थांबलं.

"चांगली म्हणते पोरगी. पण हे तर माहं भजन हाये," त्या म्हणाल्या. "मागाजवळ बसून मी जोडलेलं. हिनं कुठून घेतलं?"

नत्थूजींनी गाणं बंद केलं.

"बाई, ही पोरगी म्हणजे तुमीच."

"मी?"

"तुमीच. चूक समजावून सांगतो, ऐका." आपल्या विषयात शिरताच नत्थूजींचा आवाज पुन्हा घट्ट झाला. त्यांनी देवरावांच्या पिशवीतून टू-इन-वन काढून घेतला आणि पाठीमागचं झाकण उघडलं. "गाणं भरलं तेव्हा यातले सेल उतरलेले होते. सेल उतरले की मोटर हळू फिरते, फीत हळू सरकते. तुमच्या घरी हेच मशीन, हेच उतरलेले सेल. भरलंबी हळू, वाजलंबी हळू. हिशेब जुळला. तुमाले तुमचाच आवाज ऐकू आला. माहं मशीन लाइटवर चालते, पुऱ्या चालीनं. त्याच्यावर तीच फीत पळत सुटली अन् आवाज वर चढला. ठेकाबी चढला. मले तेव्हाच कळाले पाहिजे होतं. लेकाचा मी त्या आवाजावर खूश होऊन बसलो." त्यांनी झाकण लावलं. "त्या दिवशी लाइट गेली असन तुमच्याकडं."

"हो, लाइट गेली होती," देवराव म्हणाले.

"कुठं गेली होती?" तुळसाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "पंखा फरफर करते, टेपात येते म्हणून तुमीच उठून बंद केला ना? लाइट नसती तर पंखा काहून बंद केला असता?"

देवराव पिशवीच्या बंदाची गाठ सोडू लागले. गाठ सुटली, तर पुन्हा बांधू लागले.

"लाइट होती," तुळसाबाई सावकाश म्हणाल्या, जणू मागावरचा तुटलेला धागा शोधत मागे मागे जात होत्या. "टेपाची लाइटची तार खुंटीवर होती. मी म्हटलं, तार लावा. तुमी म्हटलं, सेलवरच साफ येते. अन् ते सेल टॉर्चमधले काढलेले होते. रस्ताबी दिसत नव्हता त्या टॉर्चनं."

"तुळसा…"

"तुमाले माहीत होतं."

नत्थूजींनी पाठ वळवली आणि आधीच स्वच्छ झालेलं हेड पुन्हा पुसायला घेतलं. नवराबायकोच्या मध्ये उभं राहायला दुकानात दुसरी जागाच नव्हती.

"भाच्याच्या लग्नात बायाईचे गाणे भरले होते," देवराव म्हणाले. नजर पिशवीवरच होती. "सेल उतरले होते. घरी येऊन लाइटवर लावलं, तर साऱ्या बाया पोरीवानी गाऊन राहिल्या. सगळे हसले. मले हसू नाही आलं. मले ते मंडळ आठवलं."

"मंग?"

"मंग काय? आठ साल झाले त्या चिठ्ठीले. मीच वाचून दाखवली होती तुले."

चिठ्ठी तुळसाबाईंना पाठ होती. आठ वर्षांपूर्वी त्या याच मंडळात गायल्या होत्या आणि पंधरा दिवसांनी छापील कागदावर चार ओळी आल्या होत्या. *आवाजात स्त्रीकंठाला शोभेलसा गोडवा नाही.* त्या दिवसापासून वर्षभर धकात्यांच्या घरात मागाचा खटखटाट तेवढा ऐकू आला. तुळसाबाई कांड्या भरत, स्वयंपाक करत, भांडत, हसत, सगळं करत. गात तेवढ्या नसत.

"तू गाणं सोडलं होतं वं," देवराव म्हणाले. "माग चालवताना माहा हात चुके. मले नाही पाहवलं. वाटलं, एक डाव नाव निघू दे, आत शिरू दे. मंग तिथं तू म्हणशीनच."

तुळसाबाईंना रडू आलं असतं तर देवरावांना बरं वाटलं असतं. पण त्यांना रडू आलं नाही. त्यांना दुखलं, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं.

"त्या लोकाईले माहा आवाज पसंत नव्हता, ते मी सोसलं. ते परके होते. तुमी तर तीस साल ऐकून राहिले. तुमीबी दुसरीच बाई धाडली?"



नत्थूजींना राहवेना. मशीन बिघडलं तर ते सुधारता येतं, यावर त्यांची सगळी हयात चालली होती.

"बाई, एक करा. घसा बसला म्हणून सांगा. मी ओळखतो त्याइले, पुढची तारीख मागून देतो. तोवर वरच्या पट्टीत बसवून पाहा."

तुळसाबाईंनी खरंच पाहिलं. तिथंच, काउंटरला टेकून, चकतीवरच्या त्या पोरीच्या उंचीवर सूर लावला. सूर लागला, पण चवड्यांवर उभं राहून फळीवरचा डबा काढावा तसा लागला. अर्ध्या ओळीत त्यांनी तो सोडून दिला आणि हसल्या.

"ते नाही जमत आपल्याले. अन् घसा चांगला हाये माहा, खोटं काहून बोलू?" त्यांनी पदर खोचला. "चला. किती लांब हाये रामदासपेठ?"

"चालले तुमी?" देवरावांनी विचारलं.

"बोलावणं माह्या नावानं हाये."

नत्थूजींनी दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी त्यांचं दुकान बंद पाहून शेजारचा घड्याळजी बाहेर आला, पण त्याला सांगण्याजोगं काही नव्हतं. धकाते नवराबायको एका सायकलरिक्षात बसले, दोघांची तोंडं दोन बाजूंना. नत्थूजी स्वतःच्या सायकलवर मागून निघाले. सगळ्या वाटेवर ते मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होते आणि ते त्यांना काही केल्या गोड लागत नव्हतं.

मंडळाच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. भिंतीशी ते मोठं स्पूलचं यंत्र होतं, टेबलाशी चिटणीस शोभाताई आणि त्यांच्या शेजारी चष्मा लावलेले दोन परीक्षक. सतरंजीवर हार्मोनियम घेऊन ओमप्रकाश बसले होते. पट्टी त्यांनी टेप ऐकून आधीच ठरवली होती. त्यांचं बोट पांढरी चारवर तयार होतं.

"या, या. धकाते ना?" शोभाताईंनी तुळसाबाईंच्या मागे, दाराकडे पाहिलं. "मुलगी कुठे आहे?"

"मीच तुळसा धकाते."

शोभाताईंनी हातातल्या यादीकडे पाहिलं, मग पुन्हा तुळसाबाईंकडे. दोन्ही परीक्षकांची मान एकदमच वर आली.

"ताई, चूक माही हाये," नत्थूजी पुढे होऊन म्हणाले. वाटभर घोळवलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "फीत जास्त चालीनं उतरली. 'चाल तपासली' म्हणून सही माही हाये डब्यावर. मी नाही तपासली."

"तुमची? तुमच्या हातून असं?"

"त्याइची नाही." देवराव दारातून बोलले. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती. "त्याइले काहीच माहीत नव्हतं. हिलेबी नव्हतं. उतरलेले सेल मीच घातले, समजून-उमजून. आवाज बारीक यावा म्हणून."

"पण कशासाठी?"

"तुमची आठ सालाआधीची चिठ्ठी हाये आमच्या घरी," देवराव म्हणाले. एवढंच.

शोभाताई चांगल्या बाई होत्या. अशी पत्रं वर्षाला शंभर जात आणि त्यांतलं एखादं कुणाच्या घरात आठ वर्षं जपून ठेवलेलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि ती सरळ करत राहिल्या.

"नियमाप्रमाणे ध्वनिफितीवरचा आवाज आणि प्रत्यक्ष आवाज एकच असायला हवा," त्या शेवटी म्हणाल्या. "नाहीतर मला नाव काढावं लागेल. तुम्ही समजून घ्या."

"समजलं," तुळसाबाई म्हणाल्या. "पण ती पोरगी आली नाही. मी आली हावो. उमरेडहून आली, तर ऐकून घ्या. मंग नाव काढा का ठेवा, तुमची मर्जी. चार वाजता बस हाये आमची."

एका परीक्षकानं दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. "ऐकू या. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही."

तुळसाबाई सतरंजीवर बसल्या. मांडी नीट घातली, पदर डोक्यावरून घेतला. ओमप्रकाशनी भाता ओढला आणि पांढरी चार धरली.

"खाली," तुळसाबाई म्हणाल्या.

ओमप्रकाश पांढरी तीनवर आले.

"अजून खाली."

काळी दोन.

"अजून."

पांढरी दोनवर बोट ठेवून ओमप्रकाश थांबले. त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं, मग तुळसाबाईंकडे, आणि बिचाऱ्यांनी मदत करायची म्हणूनच हलक्या आवाजात सांगितलं, "बाईजी, ये तो मर्दों की पट्टी है."

"माही हाये," तुळसाबाई म्हणाल्या.

त्यांनी सूर लावला. लावला म्हणण्यासारखं काही केलं नाही, नुसतं तोंड उघडलं, आणि खोली खालून भरत गेली. नत्थूजी भिंतीला टेकून उभे होते. चार महिने ज्या आवाजाची त्यांनी बर्डीभर वाहवा केली होती, तो आठवूनसुद्धा आठवेना. चष्मेवाल्या परीक्षकांपैकी एकानं लिहायला पेन उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

पहिल्या ओळीच्या शेवटी तुळसाबाई थांबल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. देवराव अजून तिथंच उभे होते, टोपी हातात, खंजिरी पिशवीतच. आत यायची त्यांची छाती नव्हती.

"काय पाहून राहिले?" तुळसाबाई म्हणाल्या. "या, बसा इथं. ठेका धरा."

देवरावांनी चपला काढल्या आणि येऊन बायकोच्या उजव्या हाताला बसले. पिशवीतून खंजिरी काढली. पहिलीच थाप घाईत पडली.

"हळू," त्या त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "आपल्या चालीनं."